मोटारीचे सुटे भाग : पारख आणि बसवणी



गेल्या वर्षी याच व्याख्यानमालेत आम्ही कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर चहाच्या वेळी एक वयस्क गृहस्थ जवळ आले. कामगारांविषयी ते काही विचारतील असे आम्हांला वाटले. त्यांनी विचारले ते असे : "तुम्ही ब्रेक बनविणाऱ्या कारखान्यात युनियन चालविता ना? मग एवढे सांगा, ब्रेक कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?" आम्ही उभ्याउभ्या दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. घरी गेल्यावर ते उत्तर आमचे आम्हांलाच पटले नाही. म्हणून यंदा चालकांकडे हाच विषय मागितला. चिटणीस थोडे गोंधळले, पण 'बोला' म्हणाले.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंत. सोळाव्या वर्षी पुण्याच्या नाना पेठेजवळ एका गॅरेजात पाने पुसायला लागलो, आणि तेथून भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रावर उभे राहिलो. बारा वर्षांनी युनियनच्या कामाला पूर्ण वेळ वाहून घेतले. पुढे जे शिकलो ते ग्रंथालयात आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात. सुटा भाग बनविणाऱ्याची, विकणाऱ्याची आणि बसविणाऱ्याची अशा तिन्ही बाजू आम्ही पाहिल्या आहेत. चौथी बाजू गिऱ्हाइकाची. ती आम्हांला सर्वांत महाग पडली. तो प्रसंग पुढे येईलच.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोटार कंपनी मोटारीचा प्रत्येक भाग स्वतः बनविते, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात मोटारीतले बहुसंख्य भाग दुसरेच कारखाने बनवितात. पिंपरी, भोसरी, चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज या पट्ट्यांत असे शेकडो कारखाने आहेत. ब्रेक एकाचा, बेअरिंग दुसऱ्याचे, दिवा तिसऱ्याचा. मोटार कंपनी नकाशा देते किंवा मंजूर करते, माल तपासते, आणि आपल्या पट्ट्यावर जोडते. हाच माल तिच्या नावाच्या खोक्यात भरला की तो 'जेन्युइन' होतो. तोच कारखाना बऱ्याचदा स्वतःच्या नावाच्या खोक्यात तसाच माल खुल्या बाजारात विकतो. त्याला दुकानदार 'ओईएम' म्हणतात. दोन्ही खोकी एकाच शेडमधून निघताना आमच्या सभासदांनी पाहिली आहेत. पण सावध असावे. खोके वेगळे असले की मालही हुबेहूब तोच असतो असे नेहमी नाही. कधी कधी बाजारासाठी मिश्रण किंवा वेष्टण वेगळे असते. तरी नाव असलेल्या कारखान्याला स्वतःच्या नावाची चाड असते, आणि तक्रार घेऊन जायला पत्ता असतो.

तिसरा प्रकार, ज्या कारखान्यांनी मोटार कंपनीला कधी माल दिला नाही, पण त्याच मापाचा भाग बनवून स्वतःच्या नावाने विकतात. यांत उत्तमही आहेत आणि भिकारही. याला सरसकट 'लोकल' म्हणून नाक मुरडणे अन्यायाचे आहे. चौथा प्रकार 'डुप्लिकेट', म्हणजे दुसऱ्याच्या नावाने विकलेला खोटा माल. लोकल आणि डुप्लिकेट यांत लोक घोटाळा करतात. लोकलवाला म्हणतो, हा माझा माल, पटला तर घ्या. डुप्लिकेटवाला खोटे बोलतो, आणि तेही आमच्यासारख्यांच्या घामावर उभ्या राहिलेल्या नावाने. पाचवा प्रकार जुन्या गाड्यांतून काढलेल्या भागांचा, त्याविषयी नंतर.

येथे कायद्याचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण कंपनीच्या वर्कशॉपबाहेर गाडी उघडली की वॉरंटी गेली, ही भीती घरोघर आहे. भारतीय स्पर्धा आयोगापुढे २०११ साली एका ग्राहकाने तक्रार नेली. मोटार कंपन्या आपल्याला भाग पुरविणाऱ्या कारखान्यांना तेच भाग बाजारात विकू देत नाहीत, स्वतंत्र गॅरेजवाल्यांना भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि तपासणीची यंत्रे देत नाहीत, अशी ती तक्रार होती. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग व माहिती खुली करण्याचा आदेश दिला. बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली एवढ्याच कारणावर सरसकट वॉरंटी नाकारण्यालाही आयोगाने हरकत घेतली. पुढे प्रकरण अपिलांत गेले, वर्षे लोटली, आणि दंडाचे भांडण वकिलांच्या हाती राहिले. तथापि त्या निकालपत्रात दुरुस्तीच्या धंद्याचे जे चित्र आहे ते आम्हांला फार बोलके वाटले. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली, तीत मोटारींचाही विषय होता. गाडी वॉरंटीत असेल तर व्यवहारी सल्ला एवढाच : वॉरंटीचा कागद नीट वाचावा, बाहेर केलेल्या प्रत्येक कामाचे बिल ठेवावे, आणि नाकारणाऱ्याला नकाराचे कारण लेखी मागावे. आमच्या अनुभवात लेखी मागितले की निम्मे नकार विरघळतात. हे कामगार खात्यातही खरे आहे.

आता तो प्रसंग. काही वर्षांपूर्वी युनियनकडे एक जुनी, वापरलेली लहान मोटार होती. सभासदांच्या वर्गणीतून घेतलेली. तिचे पुढचे ब्रेक किरकिरू लागले. नेहमीच्या मिस्त्रीने चाक खोलून दाखविले, पॅड संपले होते. तो म्हणाला, "साहेब, ब्रेक ऑइलही काळे पडलेय, बदलू या." आम्ही हिशेबी माणूस. वर्गणीचा पैसा. आम्ही म्हणालो, "ऑइल पुढच्या वेळी बघू. पॅड मी आणतो." बाजारातल्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने दोन खोकी ठेवली. दुसरे सहाशे रुपयांनी स्वस्त होते, आणि त्यावर नाव होते ते आमचेच सभासद जेथे काम करतात त्या कारखान्याचे! आम्हांला कोण आनंद. बिल मागितले नाही. दुकानदाराने 'बिलाशिवाय आणखी कमी' म्हटले, आणि रोज सभेत कारखानदाराच्या चोरवाटांवर भाषणे देणारा हा वक्ता मुकाट्याने खोके घेऊन बाहेर पडला.

पंधरा दिवसांनी महाडच्या औद्योगिक वसाहतीत सभा होती. आम्ही पाच जण ताम्हिणी घाटाने निघालो. गाडी आमचा एक तरुण सहकारी चालवीत होता. उतार सुरू झाल्यावर थोड्या वेळाने जळका वास येऊ लागला. मग तो म्हणाला, "पेडल दगडासारखे लागतेय, पण गाडी धरत नाही." दोन वळणांनंतर उलटे झाले. पेडल स्पंजासारखे मऊ झाले आणि तळाला गेले. त्याने डोके शाबूत ठेवले. गियर दुसरा, मग पहिला, हातब्रेक हळूहळू ओढीत, आणि शेवटी डोंगराच्या बाजूच्या गटारात चाक घालून त्याने गाडी थांबविली. एकाचे मनगट मोडले. बाकी सगळे धडधाकट. दुसऱ्या बाजूला दरी होती एवढेच सांगतो.

हे असे का झाले, ते समजून घेण्यासाठी आम्ही नंतर बरेच वाचले. ब्रेक गाडीचा वेग नाहीसा करीत नाही, तो त्याची उष्णता करतो. हिशेब असा : माणसांसह गाडीचे वजन १,२०० किलो धरा आणि घाटाचा उतार ५०० मीटर उंचीचा धरा. तेवढे वजन तेवढे खाली आणताना जी शक्ती सुटते, तिने सुमारे वीस लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीला येईल. काही भाग वारा खातो, गाडी खालच्या गियरमध्ये असेल तर बराच भाग इंजिन खाते. पण जो पायाखालच्या ब्रेकवर येतो तो हाताच्या पंजाएवढ्या चार पट्ट्यांनी आणि मागच्या ड्रममधल्या लाइनरांनी सोसायचा. पॅडमधले मिश्रण या उष्णतेला टिकणारे नसेल तर ते गुळगुळीत होते; पेडल घट्ट लागते, पण पकड नसते. ही आमची पहिली अवस्था.

दुसरी अवस्था ब्रेक ऑइलची. त्याला ऑइल म्हणतात, पण ते साधे तेल नव्हे. ते हवेतले पाणी शोषून घेते. 'डॉट ३' जातीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. पाणी मुरल्यावर तोच दंडक १४० अंशांवर येतो. 'डॉट ४' चे आकडे २३० आणि १५५. आमचे ऑइल काळे पडलेले, कितव्या वर्षाचे देव जाणे. ते उकळले, नळ्यांत वाफ झाली. वाफ दाबली जाते, म्हणून पाय दाबला की वाफ आक्रसते आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलावे असे गाडीच्या पुस्तकात बहुधा लिहिलेले असते. ते पुस्तक डिकीत पडून असते.

गाडी परत आणल्यावर पॅड काढून आम्ही कारखान्याच्या फाटकावर शिफ्ट सुटताना नेले. आमच्या सभासदांनी ते हातात घेऊन क्षणात सांगितले, "हे आपले नव्हे." एकाने पॅडच्या पाठीमागची पोलादी प्लेट दाखविली. त्यांच्या प्लेटला भोके असतात, गरम साच्यात दाबताना मिश्रण त्या भोकांत शिरते आणि धरून बसते. ही प्लेट सपाट होती, मिश्रण नुसते चिकटविलेले, आणि एका कडेने सुटू लागलेले. दुसरा म्हणाला, आम्ही दाबल्यावर कित्येक तास भट्टीत भाजतो, ही भाजलेलीच दिसत नाही. नखाने कडा खरवडली तर भुगा पडतो. तिसऱ्याने बॅचचा आकडा पाहिला. त्यांचा आकडा दर पाळीला बदलतो. आमच्या चारही पॅडांवर, आणि पुढे बाजारातून मुद्दाम आणविलेल्या आणखी दोन खोक्यांतही, एकच आकडा होता. ज्यांनी दहा-दहा वर्षे हे काम केले त्यांच्या बोटांना जे कळले, ते आम्हांला दुकानात कळले नव्हते. आम्ही फक्त खोके वाचले होते.

माग काढता काढता शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडपर्यंत आम्ही पोहोचलो. पाटी नव्हती. आत दहा-बारा पोरे, बहुतेक परप्रांतातून आलेली, उघड्या हातांनी भुकटी कालवीत होती. तोंडाला रुमाल. नगावर मजुरी. भविष्यनिर्वाह निधी नाही, राज्य विमा नाही, हजेरीपुस्तक नाही. भुकटीत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हते. आपण ब्रेक बनवितो एवढे ठाऊक होते, दुसऱ्याच्या नावाचा बनवितो हे काहींना ठाऊक नव्हते. आता श्रोतेहो, युनियनवाल्याने काय करावे? तक्रार केली तर शेड बंद पडणार आणि या पोरांचा पोटापाण्याचा धंदा जाणार. न केली तर कुठल्यातरी घाटात कोणाची तरी गाडी थांबणार नाही. आमच्या कार्यकारिणीत दोन बैठका यावर भांडण झाले. शेवटी तक्रार केली. छापा पडला, शेड बंद झाली. मालकाचे पुढे काय झाले ते न्यायालय पाहील. पोरे पांगली. त्यांपैकी दोघांना आम्ही शोधून काढून दुसरीकडे चिकटविले, बाकीच्यांचा पत्ता लागला नाही. तक्रार केली ते योग्यच केले असे आम्ही आजही मानतो, आणि त्या बाकीच्या पोरांची आठवण आजही होते.

आता पारख कशी करावी. मोटारीच्या कागदांवर सतरा अक्षरांचा चॅसिस क्रमांक असतो. भाग मागताना गाडीचे नाव आणि साल सांगून भागत नाही, कारण एकाच सालात एकाच नावाच्या गाडीत दोन जातींचे ब्रेक असू शकतात. चॅसिस क्रमांकावरून भागाचा क्रमांक काढून घ्यावा आणि तो कागदावर लिहून बाजारात जावे. मग भाव विचारावा. उलटे केले की दुकानदार जे त्याच्याकडे आहे ते 'चालेल' म्हणतो. 'चालेल' या शब्दाने मोटारीच्या धंद्यात जेवढे नुकसान केले तेवढे गंजाने केले नसेल.

वेष्टणावर बनविणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीचा क्रमांक असणे २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी बंधनकारक आहे. यांतले एक जरी नसेल तर खोके परत करावे. पुष्कळ कंपन्या आता चकाकती चिठ्ठी किंवा मोबाइलने तपासण्याचा सांकेतिक चौकोन लावतात. तो कंपनीच्याच संकेतस्थळावर जातो की भलतीकडे, हे पाहावे, कारण चौकोनही छापता येतो. किंमत बाजारभावाच्या निम्म्यावर आली की आनंदाऐवजी शंका यावी. आम्हांला आनंद झाला होता. शक्य असेल तर जुना भाग बरोबर नेऊन वजन, भोके, कडा ताडून पाहाव्यात. खोट्या ऑइल फिल्टरमध्ये पुष्कळदा कागद कमी घड्यांचा असतो आणि गाडी बंद असताना तेल खाली निथळू न देणारा रबरी पडदा नसतो, म्हणून तो हाताला हलका लागतो. घरी बसल्या मोबाइलवर मागविताना विकणारा कोण आहे ते वाचावे; दुकानाचे नाव मोठे असले तरी माल भरणारा तिसराच असतो.

टायरवर आयएसआयची खूण पाहावी आणि चार आकड्यांची तारीखही. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नवा म्हणून चार वर्षे गोदामात पडलेला टायर विकला जातो. रबर पडूनही म्हातारे होते.

आणि बिल. वस्तू व सेवा कराच्या क्रमांकासह, भागाचा क्रमांक लिहिलेले बिल. त्यावाचून ग्राहक आयोगात खरेदी सिद्ध करणे अवघड जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारी बनविणाऱ्यावर आणि काही परिस्थितीत विकणाऱ्यावरही टाकली आहे. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यातले कलम १८२-अ नव्या रूपात आले. सुरक्षिततेला अत्यावश्यक म्हणून जाहीर झालेला भाग निकषाबाहेरचा विकला तर दर भागामागे एक लाख रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण बिलाशिवाय सहाशे रुपये वाचविणाऱ्या आमच्यासारख्याला तो कसा उपयोगी पडणार?

कोठे काटकसर करावी, हेही सांगितले पाहिजे. आम्ही काही श्रीमंतांपुढे बोलत नाही. दाराची मूठ, बंपर, आरशाचे कवच, मॅट, वायपरची दांडी, दाराची काच वरखाली करणारा भाग, यांत लोकल किंवा भंगारातला भाग खुशाल घ्यावा. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात धड दार मिळते. मात्र तेथेही पावती घ्यावी, चोरीच्या गाडीचे दार आपल्या गाडीला लागले तर पोलीस दाराला पकडत नाहीत. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, बॉल जॉइंट, चाकाचे बेअरिंग, सीटबेल्ट, एअरबॅग आणि टायर यांत जुने किंवा निनावी घेऊ नये. ज्याच्या बिघाडाने गाडी नुसती उभी राहते त्यात घासाघीस करा. ज्याच्या बिघाडाने गाडी उभी राहत नाही त्यात करू नका.

चांगला भाग आणला म्हणजे काम झाले असे नाही. बसविण्याच्या कामात तो कसा वाया जातो, हे आम्ही गॅरेजात स्वतःच्या हातांनी केले आहे, म्हणून सांगू शकतो. बेअरिंगचे उदाहरण घ्या. दोन कडी आणि मध्ये गोळ्या. दांड्यावर बसवायचे असेल तर आतल्या कड्यावर दाब द्यायचा. आम्ही पोरवयात बाहेरच्या कड्यावर हातोडा मारीत होतो. प्रत्येक घाव गोळ्यांमधून आत जातो आणि कड्याच्या वाटेवर बारीक खळगे पाडतो. बेअरिंग त्या दिवशी सुरेख फिरते. दोन-तीन महिन्यांनी घूं घूं आवाज येतो, आणि गिऱ्हाईक म्हणते माल खराब निघाला. माल बिचारा उत्तम होता.

चाकाच्या नटांचेही तसेच. पाना पायाने दाबून, वर उभे राहून आवळला की मिस्त्री जोरकस, अशी समज आहे. प्रत्येक नटाला किती आवळायचे याचे माप पुस्तकात असते. लहान मोटारींत ते साधारण शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास, गाडीगणिक थोडे वेगळे. त्यापेक्षा फार जास्त आवळले तर बोल्ट ताणला जातो, आटे जातात, ब्रेकची डिस्क वाकडी बसते आणि पेडल थरथरते. माप दाखविणारा पाना, टॉर्क रेंच, आता फार महाग राहिलेला नाही. नट एका ओळीने न आवळता समोरासमोरचे आवळावेत, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासावेत. ऑइल फिल्टरला तर पाना लावूच नये. रबराला तेलाचे बोट लावून हाताने फिरवावा, टेकल्यावर आणखी पाऊण फेरा.

ब्रेक बदलताना दोन्ही बाजूंचे पॅड एकदम बदलायचे, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. कॅलिपर रबरी नळीला लोंबकळत ठेवायचा नाही. तो ज्या पिनांवर सरकतो त्या साफ करून उष्णता सोसणारे योग्य ग्रीस लावायचे. पिना अडकल्या तर नवा पॅड एका बाजूने महिन्यात झिजतो. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजायची. आणि गाडी हलविण्यापूर्वी पेडल तीन-चारदा दाबायचे, कारण पहिल्यांदा ते तळालाच जाते. हे विसरून गॅरेजाच्या भिंतीला गाडी लावलेले मिस्त्री आम्ही पाहिले आहेत. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट आहे त्यात तो बदलताना त्याची ताण धरणारी पुलीही बदलावी. जुन्या पुलीने नवा पट्टा तोडला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात आणि हजारांचे काम लाखाकडे सरकते.

आता आमच्या मुद्द्याचा गाभा. हे सगळे करायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे कोणी देत नाही. गॅरेजात आमच्या मालकाचा हिशेब आम्ही पाहत होतो. गिऱ्हाईक भागाची किंमत छापील म्हणून निमूट देत असे. मजुरीचे तीनशे म्हटले की दीडशेवर येई. मग मालक काय करी? भागावरचे कमिशन वाढवी. ज्या दुकानात कमिशन जास्त तेथून भाग आणी. म्हणजे मजुरीत वाचविलेले दीडशे रुपये फिरून कमी दर्जाच्या भागात आपल्याच गाडीला लागत. आमचे म्हणणे असे की, भाग कोणता हे आपण ठरवावे, बिल आपल्या नावे घ्यावे, आणि मिस्त्रीला मजुरी पुरी द्यावी, त्याबरोबर पिना साफ करण्याचा आणि पाना मापाने लावण्याचा वेळही द्यावा. 'संध्याकाळपर्यंत पाहिजेच' म्हणणारा गिऱ्हाईक स्वतःच हातोडा मागवून घेतो.

आणि त्या पोराकडेही पाहावे, जो चाक काढल्यावर दाबाच्या हवेने ब्रेकचा भुगा उडवितो. जुन्या पॅडांत आणि लाइनरांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. युरोपीय संघात त्यावर २००५ पासून पूर्ण बंदी आहे, आपल्याकडे पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर तशी पूर्ण बंदी नाही. त्याचे तंतू फुप्फुसात बसतात आणि रोग वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी बाहेर येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्याची नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान चाळीस वर्षे ठेवण्यास सांगितले ते याचसाठी. गॅरेजातल्या पोराची नोंद कोण ठेवतो? आम्ही स्वतः सोळाव्या वर्षी तो भुगा फुंकला आहे. ओल्या फडक्याने पुसले किंवा ब्रेक धुण्याचा फवारा मारला की भागते. गिऱ्हाइकाने म्हटले तर मिस्त्री ऐकतो, युनियनवाल्याने म्हटले तर हसतो, हा आमचा अनुभव आहे.

नवे पॅड बसविल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट आणि जोराचे ब्रेक टाळावेत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने वीस-तीसदा हळू हळू थांबावे, मध्ये गार होऊ द्यावे, म्हणजे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसतात. जुने पॅड मागून घ्यावेत. बदलले की नाही, आणि कोणत्या बाजूने जास्त झिजले, हे त्यांवरून कळते.

गेल्या वर्षीच्या त्या गृहस्थांनी आणखी एक प्रश्न विचारला होता, तो राहिला : पॅड किती किलोमीटर चालतात? याला आकडा नाही. शहरातल्या गर्दीत आणि घाटात लवकर झिजतात, महामार्गावर टिकतात. मिश्रण तीन मिलिमीटरच्या आसपास उरले की बदलावेत. पुष्कळ गाड्यांत चाकाच्या जाळीतून टॉर्चने ते दिसतात. तुमच्या गाडीत दिसत नसतील तर पुढच्या वेळी पंक्चरसाठी चाक खोलले की मिस्त्रीला म्हणावे, जरा दाखव.